एका गाडीत दोन टर्बो का गेले? १.३ मल्टिजेटचं एक प्रकरण

गाडी २०१३ ची हॅचबॅक. आत ७५ पीएसचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन, मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर. कोल्हापुरातून दुसऱ्या हातानं घेतलेली. एमएच-०९ पाटी घेऊन रोज कर्नाटकात फिरायचं तर टॅक्सची भानगड मागे लागते, म्हणून मालकानं केए-२२ करून घेतलेली. काम असं: आठवड्यातून तीनदा बेळगावच्या शहापुरातून पहाटे कुंदा-मिठाईचे बॉक्स भरायचे, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळी-पणजीत माल द्यायचा आणि दुपारी नारळाची पोती टाकून परत. म्हणजे भरल्या गाडीनं केरीपासून घाट चढायचा तो येताना, भर उन्हात किंवा भर पावसात.

तक्रार जूनमध्ये सुरू झाली. चढाला दुसऱ्या गिअरवर २,००० आरपीएमच्या पुढं गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी, आणि बराच वेळ आयडलवर उभी करून निघालं की मागं निळसर धूर. चेक इंजिनचा दिवा लागलेला. पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला, म्हणजे इंजिनला हवा तेवढा बूस्ट (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) मिळत नाही. निदान झालं 'टर्बो गेला', आणि टर्बोला नवी कोअर (आतला शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगांचा भाग) बसवली गेली. १,१०० किलोमीटरवर तीच शिट्टी. 'कोअर डिफेक्टिव्ह निघाली' म्हणून वॉरंटीत दुसरी बसवली. ती १,९०० किलोमीटर चालली.

गाडी तिसऱ्या ठिकाणी आली तेव्हा पहिलं निदान चुकीचं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. टर्बो खरोखरच गेला होता, दोन्ही वेळा. तो का गेला, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

इंजिनाबद्दल थोडं

हे इंजिन म्हणजे फियाटचं १,२४८ सीसी मल्टिजेट. चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ४,००० आरपीएमला ७५ पीएस आणि २,००० च्या आसपास १९० न्यूटन-मीटर टॉर्क. आपल्याकडे ते रांजणगाव आणि मानेसर अशा दोन ठिकाणी तयार होत होतं. २००७ मध्ये स्विफ्ट डिझेलमध्ये आलं, पुढं डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांतून ते गेलं, पण रस्त्यावर आजही भरपूर आहे. बेळगाव असो की निपाणी, या इंजिनाचा एखादा पार्ट मिळत नाही असं सहसा होत नाही.

७५ पीएसच्या इंजिनाला फिक्स्ड जॉमेट्रीचा छोटा टर्बो असतो. त्याचा वेस्टगेट (जादा धूर बाजूला सोडणारी झडप) थेट बूस्टच्या दाबावर चालतो. ९० पीएसच्या इंजिनाला व्हेरिएबल टर्बो असतो, आणि त्याच्यासोबत व्हॅक्यूमचे पाइप आणि सोलेनॉइडची डोकेदुखी येते. ७५ वाल्याला ती नाही. बीएस-४ च्या या गाडीला डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. एकूण साधं, दणकट इंजिन. ऑइल वेळेवर मिळालं तर अडीच-तीन लाख किलोमीटर हेड न उतरवता जातं, आणि टॅक्सीवाले ते उगीच शोधत नाहीत.

ऑइलची हेळसांड मात्र या इंजिनाला माफ नाही. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल असतं जेमतेम तीन लिटर. त्या तीन लिटरवर क्रँकच्या बेअरिंगा, हेडमधले हायड्रॉलिक टॅपेट, टायमिंग चेनचा हायड्रॉलिक टेन्शनर आणि मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेणारा टर्बो, एवढे सगळे जगतात. टर्बोच्या शाफ्टला बॉल बेअरिंग नसते. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर काही सेकंद तुटला तरी शाफ्टवर ओरखडे येतात, आणि तिथून पुढं त्याचे दिवस भरलेले असतात.

तपासणी कोणत्या क्रमानं झाली

आधी प्रश्न.

"मालक, शेवटचं ऑइल कवा बदललासा?"

"बदलायचं कशाला मामा? टर्बोवाल्यांनी बदललंय की. त्याच्या आधी कमी झालं की वरनं घालत होतो."

वरून घातलेलं ऑइल होतं १५डब्ल्यू-४०, शेतावरच्या ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं. आधीच्या मालकाकडच्या सर्व्हिसची नोंद नाही. याच बोलण्यात आणखी एक धागा निघाला: सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या बेल्टकडच्या बाजूनं तीन-चार सेकंद खडखड येते आणि मग बंद होते. मालकाला ती 'डिझेलची सवय' वाटत होती. या इंजिनाची चेन त्याच बाजूच्या कव्हरखाली असते. रात्रभरात टेन्शनरमधून ऑइल उतरतं, सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन सैल पडते. एक सेकंद आवाज आला तर चालतं. चार सेकंद म्हणजे ऑइल वर पोचायला उशीर होतोय.

मग स्कॅनर. कोड फक्त पी०२९९. इंजिन बंद, चावी चालू ठेवून मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) रीडिंग ९२५ मिलिबार. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या बेळगावात ते बरोबर आहे. पणजीत हेच १,०१० च्या आसपास दिसायला हवं. ही दहा सेकंदांची चाचणी बरेच जण करत नाहीत आणि चांगला सेन्सर बदलतात. रस्त्यावर भरल्या गाडीनं तिसऱ्या गिअरवर २,५०० आरपीएमला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मागत होता सुमारे २,००० मिलिबार, मिळत होते १,४५०. रेल प्रेशर (इंजेक्टरकडच्या डिझेलचा दाब) मागणीप्रमाणे येत होतं, म्हणजे पंप, फिल्टर आणि नोझल तूर्त बाजूला ठेवता आले. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद-उघड नीट होत होता. काजळी होती, पण जाम नव्हता.

बूस्टची गळती पाहायला एअर फिल्टरच्या बाजूनं पाइप बंद करून सिस्टिममध्ये एक बारच्या आत हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. कुठंही बुडबुडा नाही. पण इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप काढला तेव्हा त्यातून अर्धा कप ऑइल ओतलं. हे ऑइल पहिल्या टर्बोपासून साठत आलेलं होतं. दोन्ही वेळा कुणी इंटरकूलर धुतला नव्हता. हे घाणीपुरतं नाही. साठलेलं ऑइल एखाद्या वेळी एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्यावरच धावायला लागतं, चावी काढली तरी थांबत नाही, आरपीएम वर वर जात राहतो. तशा वेळी करायचं काय, तर ब्रेक पूर्ण दाबून मोठ्या गिअरवर क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं. बॉनेट उघडून बघत उभं राहायचं नाही.

वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला हातपंपानं दाब दिला, दांडी हलली, दाब धरून राहिला. ठीक. मग टर्बोचा हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवला. आडवा थोडासा खेळ असतो, तो दोष नव्हे. पुढं-मागं मात्र बोटाला काहीच जाणवता कामा नये. इथं स्पष्ट जाणवलं, आणि पंख्याच्या कडा हाउसिंगला घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या. दुसरी कोअरही संपली होती.

ऑइल प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावला. गरम इंजिनाला आयडलवर ०.७ बार, ३,००० ला १.६. मेकॅनिकांचा जुना हिशेब आहे: दर हजार आरपीएममागे साधारण ०.७ बार तरी हवं. ३,००० ला किमान २.१ अपेक्षित होतं, आणि चांगल्या इंजिनात त्याहून बरंच जास्त मिळतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा या सगळ्या काळात एकदाही लागला नव्हता, आणि त्यात नवल नाही. अशा स्विचचा दिवा प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो. दिवा विझलेला आहे म्हणून प्रेशर पुरेसं आहे असं मानणारे टर्बोचे पैसे दोनदा भरतात.

टर्बोला ऑइल नेणारा बारीक फीड पाइप वरच्या टोकाला सोडून बाटलीत धरला, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवले आणि पंधरा सेकंद स्टार्टर मारला. धार नाही, थेंब. पाइप कापून पाहिला तर आतून कोळशासारखा थर, आतल्या भोकाचा निम्म्याहून जास्त भाग बंद. अशा काही पाइपांच्या बँजो बोल्टमध्ये (ज्याच्या आतून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असते. इथल्या जाळीवर काळी पापडी बसली होती. दोन्ही वेळा कोअर नवी आणि पाइप जुनाच, कारण 'हवा मारली की साफ होतो'. होत नाही. जळून चिकटलेलं ऑइल हवेनं सुटत नाही, आणि हा पाइप टर्बोच्या किमतीपुढं काहीच नाही.

नवा पाइप तात्पुरता जोडून तीच चाचणी केली. धार आली, पण मिळमिळीत. म्हणजे रोग आणखी खाली होता.

चेंबर उघडल्यावर

ऑइल काढून चेंबर उतरवलं. तळाशी सेंटिमीटरभर जाड, शाईपेक्षा काळा, ग्रीससारखा गाळ. पंपाची सक्शन जाळी दोन तृतीयांश बंद. आणि जाळीवर गाळाइतकंच दुसरं काही अडकलेलं होतं: राखाडी रबरासारखे, शेवयांसारखे लांब तुकडे. सिलिकॉन. या इंजिनाचं चेंबर पॅकिंगवर बसत नाही, सिलिकॉनच्या बत्तीवर बसतं. कधीतरी कुणीतरी चेंबर काढून परत लावताना सढळ हातानं सिलिकॉन लावला होता. दोन पत्र्यांमधून आत दाबला गेलेला जादा सिलिकॉन सुटतो, ऑइलबरोबर फिरतो आणि थेट जाळीवर जाऊन बसतो. बत्ती दोन-तीन मिलिमीटरचीच हवी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं, अखंड.

आता नव्या कोअर इतक्या लवकर का गेल्या हे कळतं. पहिल्या टर्बोच्या वेळी ऑइल बदलताना जुन्या ऑइलमध्ये 'इंजिन फ्लश'ची बाटली ओतून वीस मिनिटं इंजिन चालवलं होतं. स्वच्छ इंजिनात फ्लश निरुपद्रवी आहे. गाळ बसलेल्या इंजिनात तो गाळाचे पापुद्रे एका झटक्यात सोडवतो, आणि ते ड्रेन प्लगमधून बाहेर येत नाहीत, जाळीवर जातात. म्हणजे फ्लशच्या आधी जाळी थोडी मोकळी होती, नंतर जवळपास बंद झाली. चांगल्या हेतूनं केलेलं काम, पण टर्बोच्या बिलावर उलटलेलं.

पण गाळ मुळात आला कुठून? तीन कारणं एकत्र आली. ईजीआर असलेल्या डिझेलमध्ये धुराचा काही भाग परत इंजिनात जातो आणि ऑइलमध्ये काजळी जास्त मिसळते. ती काजळी बारीक कणांत विखुरलेली ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं काम. ती संपली की कण एकमेकांना चिकटतात. वरून नुसतं ऑइल घालत राहिलं तर पातळी राहते, रसायनं मात्र पुरत नाहीत. दुसरं, ट्रॅक्टरचं जाड ऑइल. हँडबुकात लिहिलेलं पातळ सिंथेटिक ऑइल सकाळी लवकर वर पोचतं; १५डब्ल्यू-४० जानेवारीतल्या बेळगावच्या पहाटे गोठत नाही हे खरं, पण बारीक फीड पाइपातून टर्बोपर्यंत जायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि आधीच अरुंद झालेल्या पाइपात तोच वेळ नडतो.

तिसरं कारण घाटाचं. केरीहून चढून वर आलं की टपरीवर चहा, आणि चावी लगेच बंद. चढाला टर्बोचं टर्बाइनकडचं हाउसिंग तांबडं होण्याइतकं तापलेलं असतं. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल तिथंच भाजून कोळसा होतो. फीड पाइपाच्या टर्बोकडच्या टोकाला साठलेला थर नेमका तोच होता. वर आल्यावर गाडी दीड-दोन मिनिटं आयडलवर ठेवली असती तर तो इतका बसला नसता.

दुरुस्ती

चेंबर, जाळी आणि सक्शन पाइप डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीनं काढला. लोखंडी पात्यानं ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर चरे पडतात आणि तिथूनच ऑइल गळतं. ऑइल पंप या इंजिनात टायमिंग कव्हरमध्येच असतो. किलोमीटर दीड लाखाच्या वर, खडखड जुनी, म्हणून कव्हर काढून पंप तपासला आणि त्याच वेळी चेन, टेन्शनर आणि गाइड यांचा पूर्ण संच बदलला. नुसती चेन बदलून टेन्शनर जुना ठेवणं म्हणजे अर्धं काम. कॅमशाफ्ट लॉक करायच्या पिना लागतात. मार्करनं खुणा करून अंदाजानं बसवलेली चेन एक दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, मग हेड उतरवावं लागतं. पिना नसतील तर हे काम घेऊ नये, इतकं साधं आहे.

इंटरकूलर आणि सगळे बूस्ट पाइप रॉकेल फिरवून धुतले, उलटे टांगून रात्रभर निथळले, सकाळी हवा मारून कोरडे केले. तिसरी कोअर नव्या फीड पाइपासह, नव्या बँजो बोल्टांसह. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वॉशर, तेही नवे. एकदा दाबला गेलेला वॉशर परत नीट सील होत नाही. परतीच्या पाइपाचं पॅकिंग नवं. तिथं मात्र सिलिकॉन अजिबात नाही. परतीचा मार्ग जरा अडला तरी टर्बोचं ऑइल सीलमधून धुरात जातं, आणि 'नवीन टर्बो धूर मारतोय' अशी तक्रार तिसऱ्या दिवशी येते.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात वीस-तीस मिलिलिटर ऑइल घालून शाफ्ट हातानं फिरवला. इंजेक्टरचे कनेक्टर काढून गेजवर प्रेशर येईपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारला, मध्ये थांबून, नाहीतर स्टार्टर जळतो. नंतरच कनेक्टर जोडून इंजिन चालू केलं आणि तीन मिनिटं आयडलवर, ॲक्सिलरेटरला हातही न लावता. नवीन टर्बोला पहिल्या मिनिटात 'जरा रेस देऊन बघूया' करणारे बरेच असतात.

ऑइल हँडबुकाच्या ग्रेडचं सिंथेटिक, पातळी डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या थोडं खाली. डबा संपवायचा म्हणून वर भरायचं नाही. जास्त ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि फेसाळ ऑइल टर्बोला चालत नाही. फ्लश नाही. त्याऐवजी पहिलं ऑइल आणि फिल्टर १,००० किलोमीटरवर, दुसरं आणखी ३,००० वर बदलायचं ठरलं. उरलेला गाळ नव्या ऑइलनं हळूहळू सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर या इंजिनाला कागदी कार्ट्रिजचा असतो, त्यामुळं जुना फिल्टर कापून घड्या उलगडून बघणं सोपं. १,००० वर घड्यांमध्ये काळे कण आणि सिलिकॉनचे दोन तुकडे मिळाले. त्यानंतरच्या फिल्टरमध्ये फक्त काजळी.

गरम इंजिनाला प्रेशर आता आयडलवर १.३ बार, ३,००० ला ३.४. सकाळची खडखड सेकंदभरावर आली. तिसऱ्या गिअरवर २,५०० ला बूस्ट १,९५० ते २,०००. सहा हजार किलोमीटरनंतर शाफ्टचा पुढं-मागं खेळ शून्य, इंटरकूलरच्या खालच्या पाइपात बोटाला लागेल एवढाच ओलावा, जो या इंजिनात नेहमीचा. पुढचं ऑइल दर ७,५०० किलोमीटरवर, घाटाच्या आणि मालाच्या गाडीला त्याहून लांबवायचं नाही. ट्रॅक्टरचा डबा आता ट्रॅक्टरपाशीच असतो, आणि टपरीवर इंजिन चालू ठेवून आधी चहा सांगितला जातो.